जुना पलटी नांगर जमीन धरत नाही? फाळ बदलण्याआधी काय मोजायचं

जुना दोन फाळी पलटी नांगर (उजव्या आणि डाव्या फाळांच्या जोड्या आलटून पालटून वापरता येणारा) घेतला, गंज काढला, रंग दिला, नवे फाळ बसवले. पहिले काही एकर बरा चालला आणि मग जमीन धरेनासा झाला. तास, म्हणजे नांगराची चर, मध्येच उथळ होतो, एका बाजूला माती नीट पलटते तर दुसऱ्या बाजूला नुसती ओरखडली जाते, स्टेअरिंग एका अंगाला ओढतं. फाळ बदलले की थोडे दिवस सुख, मग पुन्हा तेच.

या दुखण्यात झीज फाळावर दिसते म्हणून दोष फाळाला दिला जातो. पण फाळ लवकर जातो तो बहुधा दुसऱ्याच्या चुकीने: वाकलेला पाय (फाळ धरणारा दांडा), ढिल्या पिना, झिजलेली लँडसाइड (तासाच्या भिंतीला टेकणारी पट्टी) किंवा टॉप लिंकची (ट्रॅक्टर आणि नांगर जोडणारा वरचा दांडा) चुकीची लांबी. ते न शोधता फाळ बदलत राहणं म्हणजे दर हंगामाला तोच खर्च. खाली दिलेला क्रम ४५-५० एचपी ट्रॅक्टरमागच्या, १२ इंची तासाच्या दोन फाळी पलटी नांगरासाठी आहे. यांत्रिक आणि हायड्रॉलिक, दोन्हींना लागू पडतो.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

पलटी नांगराची एक मोठी सोय आहे. ट्रॅक्टर तोच, जमीन तीच, फक्त नांगराची बाजू बदलते. म्हणून उजवे फाळ लावून एक तास आणि डावे फाळ लावून शेजारचा तास काढा, आणि दोन्हींची खोली पाच-सहा ठिकाणी पट्टीने मोजा.

एक बाजू ठीक आणि दुसरी उथळ असेल, तर दोष बहुतेक नांगरात आहे: वाकलेला पाय, पलटी कुठे थांबायची ते ठरवणाऱ्या स्टॉप बोल्टची चुकीची सेटिंग, पलटीच्या शाफ्टचा बुश गेलेला, किंवा दोन बाजूंना वेगळ्या कंपनीचे फाळ. अपवाद दोनच, दोन्ही ट्रॅक्टरचे: असमान लिफ्ट रॉड (खालच्या लिंक उचलणारे दांडे) आणि मागच्या टायरमधली असमान हवा. दोन्ही बाजू सारख्याच उथळ असतील तर फाळाचा खालचा भाग, टॉप लिंक, हायड्रॉलिकचे लिव्हर आणि जमिनीचा ओलावा बघा. पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ, हे दोन्ही बाजूंना होत असेल तर टॉप लिंक. एकाच बाजूला होत असेल तर त्या बाजूचा मागचा पाय. नांगर नीट शिरतो पण दर थोड्या अंतरावर उसळून वर येतो, तर ड्राफ्ट कंट्रोल (ओढीच्या जोरावरून खोली धरणारी हायड्रॉलिकची व्यवस्था) किंवा पिनांमधला खेळ.

ओलाव्याचं एकदाच सांगून ठेवतो. तूर किंवा कापूस काढून एप्रिल-मेपर्यंत तापलेल्या काळ्या रानात चांगला नांगरही टणटण वाजतो. पिकानंतर ओल शिल्लक असताना, वापशावर केलेल्या नांगरटीत नांगराची परीक्षा घ्या. दगड झालेल्या रानात घेतलेल्या चाचणीवरून नांगरावर निकाल देऊ नका.

मापं घेण्याची सोपी पद्धत

नांगर ट्रॅक्टरला जोडलेला ठेवून सपाट जागेवर, लाकडी फळ्यांवर टेकवा. इंजिन बंद करा, लिव्हर पूर्ण खाली करा. हवेत उचललेल्या नांगराखाली कधीच हात घालायचा नाही. हायड्रॉलिक सुटायला पूर्वसूचना लागत नाही.

आता वरची जोडी उलटी होऊन तुमच्या छातीच्या उंचीवर आहे, आणि तिचा तळ आकाशाकडे आहे. खाली वाकून अंधारात मापं घेण्यापेक्षा इथेच घ्या. एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फाळाच्या टोकापासून लँडसाइडच्या टाचेपर्यंत ठेवा. पट्टी फक्त टोकाला आणि टाचेला टेकली पाहिजे. मध्ये, फाळ आणि लँडसाइड जिथे मिळतात तिथे, ३ ते ५ मिमी फट हवी. हे नांगराचं खालच्या दिशेचं ओढ-माप, म्हणजे सक्शन. ३ मिमीची सळई तिथे शिरत नसेल तर सक्शन संपलं. मग टॉप लिंक कितीही आवळा, नांगर आपणहून खाली जाणार नाही. तसंच पट्टी बाजूने, तासाच्या भिंतीकडच्या अंगाला लावा. तिथे साधारण ५ मिमी फट असावी. ती नसेल तर नांगर पूर्ण रुंदी कापत नाही.

मग प्रत्येक टोकापासून मुख्य बीमपर्यंतचं उभं अंतर मोजा. एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या फाळाच्या मापात ५-६ मिमीचा फरक चालून जातो. १० मिमीच्या पुढे गेला की पाय वाकलाय किंवा त्याचा बोल्ट बसलेला नाही. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतरही लिहून ठेवा. नांगर पलटवून दुसऱ्या जोडीची हीच मापं घ्या. उजवीकडचं आणि डावीकडचं अंतर जुळलं पाहिजे. मापं खडूने बीमवरच लिहिली तर वेल्डिंगवाल्याकडे नेताना वाद होत नाही.

फाळ: वरून धार, खालून घसरगुंडी

जुना फाळ वरून बघितला तर पातळ आणि धारदार दिसतो. त्याला उलटा करा. खालच्या अंगाला, धारेच्या मागे, १०-१५ मिमी रुंदीचा चकचकीत उतार तयार झालेला असतो. कडक जमिनीवर फाळ याच उतारावर सरकतो आणि वर चढतो. असा फाळ बोथट नसूनही शिरत नाही. लोहाराकडे नेऊन फक्त वरून घासून धार काढली तर हा उतार तसाच राहतो आणि फाळ आणखी पातळ होतो. एवढंच.

तुमच्या नांगराला टोकाचा सरकता बार असेल तर काम सोपं आहे. बार पुढे काढा, एक टोक संपलं की उलटा फिरवा. बार फाळाच्या धारेच्या पुढे आणि थोडा खाली राहिला पाहिजे. तो धारेच्या मागे गेला की सगळा मार फाळावर येतो. बऱ्याच जुन्या नांगरांत बार गंजून घरात अडकलेला असतो आणि म्हणूनच कोणी सरकवत नाही. डिझेल आणि गिअर ऑइल रात्रभर सोडा, सकाळी पुसून कोरडं करा, मगच घणाने मागून हाणा. ओल्या डिझेलवर गॅस कटर लावू नका.

फाळ घेताना चार एकदम घ्या: दोन उजवे, दोन डावे, एकाच कंपनीचे. एक तुटला म्हणून एकच नवा टाकला की त्या बाजूचं सक्शन वेगळं आणि नांगर एका अंगाला झुकतो. पैसे कमी असतील तर निदान पुढचा उजवा आणि पुढचा डावा अशी जोडी बदला.

फाळाचे बोल्ट चौकोनी मानेचे, डोकं फाळात बुडणारे असेच वापरा. षटकोनी डोक्याचा बोल्ट वर राहिला तर माती तिथे अडकते आणि डोकं घासून गेलं की फाळ शेतात राहतो. एम-१२, ८.८ ग्रेडचा बोल्ट सुमारे ८० न्यूटन-मीटरने आवळावा, एम-१६ सुमारे २०० ने. टॉर्क पाना नसेल तर एम-१२ ला हातभर लांबीच्या पान्यावर चांगला जोर पुरतो. पाइप घालून लटकू नका, आटे ताणले जातात.

फाळावर वेल्डिंग करायचं असेल तर

मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण सगळ्यात जास्त नांगर इथे बिघडतात. फाळाचं पोलाद जास्त कार्बनचं किंवा बोरॉनचं, उष्णतेवर कडक केलेलं असतं. त्यावर थंडच असताना साधा ६०१३ वेल्डिंग रॉड मारला की वेल्डच्या कडेने बारीक तडा पडतो आणि पहिल्याच दगडाला तुकडा उडतो. वेल्ड तुटला असं म्हणतात, पण तुटलेलं असतं ते शेजारचं पोलाद.

टोक वाढवायचंच असेल तर फाळ सुमारे २०० अंशांपर्यंत तापवा. कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड वापरा आणि तोही वाळवलेला, म्हणजे ३००-३५० अंशांत तासभर ठेवलेला. उघड्या पाकिटातला, पावसाळ्यात ओल धरलेला ७०१८ रॉड त्या कामाचा राहत नाही. वेल्ड झाला की फाळ राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्या. पाण्यात बुडवणं हा जुना लोहारी हिशेब या पोलादाला लावू नका.

हार्डफेसिंगचा, म्हणजे झीज रोखणाऱ्या कडक वेल्डचा थर धारेवर द्यायचा तर एकाच अंगाला आणि पातळ. दोन्ही अंगांना दिला की धार स्वतःहून निघत नाही, फाळ जाड आणि बोथट राहतो. आणखी एक गोष्ट कोणी बघत नाही. थर फाळाच्या तळाला मागच्या भागात दिला की तेवढी उंची वाढते आणि ३-५ मिमीची फट नाहीशी होते. वेल्डिंगवाला म्हणतो फाळ दणकट झाला, नांगर म्हणतो मी आत जात नाही. थर दिल्यावर पुन्हा पट्टी लावून फट मोजा.

लँडसाइड आणि टाच

मोल्डबोर्ड (माती पलटणारा वाकडा पत्रा) माती एका बाजूला ढकलतो, त्यामुळे नांगर उलट बाजूला, न नांगरलेल्या रानाकडे सरकू पाहतो. तो दाब लँडसाइडची पट्टी तासाच्या भिंतीवर पेलते. ती झिजली की नांगराची शेपटी भिंतीकडे जाते, नांगर तिरका चालतो, स्टेअरिंग ओढतं आणि पुढचा तास रुंद किंवा अरुंद पडतो. लोक चेक चेन (लोअर लिंकची आडवी हालचाल रोखणाऱ्या साखळ्या) आवळून तो सरळ करतात. मग सगळा जोर चेन आणि लोअर लिंकवर जातो आणि पुढच्या हंगामात ते वाकतात.

लँडसाइडची मागची टाच बघा. कित्येक नांगरांत पट्टी उलटी-पालटी करून दुसरी कड वापरता येते, बोल्टची छिद्रं तशीच असतात. दोन्ही कडा गेल्या असतील तर चारही पट्ट्या बदला. घरी बनवायची झाली तर साध्या पट्टीऐवजी जुन्या ट्रकच्या पाट्याचं पान बरं. पण त्यात छिद्र पाडायला चांगला ड्रिल लागतो. गॅसने छिद्र पाडू नका, कड कडक होऊन तडकते.

पाय आणि फ्रेम

वाकलेला पाय थंडच, हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करता आला तर उत्तम. जास्त वाकला असेल आणि तापवावा लागलाच, तर लाल करून सरळ करा आणि हवेत हळू गार होऊ द्या. असा पाय पूर्वीएवढा ताठ राहत नाही हे मनात धरा. तोच पाय दुसऱ्यांदा वाकला तर नवाच घाला.

पाय का वाकला हेही शोधा. बहुतेक वेळा शिअर बोल्टच्या जागी हाताला लागला तो जास्त कडक बोल्ट बसवलेला असतो. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. मूळ ग्रेडचे आणि मूळ मापाचे दहा-बारा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. खडकाळ, मुरमाड रानात ते लागणारच.

फ्रेमला तडा असेल तर टोकाला ६-८ मिमीचं छिद्र पाडून तडा थांबवा, ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करा आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून थोडं थोडं भरा. वरून पट्टी मारायची तर चौकोनी नको, लांब शंकरपाळ्याच्या आकाराची कापा. बीमला आडवी वेल्डची रेघ आली की नवा तडा बरोबर तिथेच जातो. वेल्डिंग करताना नांगर ट्रॅक्टरपासून सोडवा.

पलटीच्या शाफ्टचं घरच लंबगोल झालं असेल किंवा हेडस्टॉकच्या (ट्रॅक्टरला जोडणारी नांगराची पुढची चौकट) मुळाशी जुने तीन-चार वेल्ड एकावर एक दिसत असतील, तर तो नांगर छोट्या शेतकऱ्याने दुरुस्त करण्यात अर्थ नाही. सुटे भाग काढून घ्या आणि सांगाडा भंगारात द्या.

पिना आणि बुश

जुन्या नांगराच्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. ट्रॅक्टरच्या जोडणीचे मापाप्रमाणे प्रकार, म्हणजे कॅटेगरी, असतात. कॅटेगरी एकची खालची पिन २२ मिमी आणि वरची १९ मिमी. कॅटेगरी दोनची २८ आणि २५. कॅटेगरी एकची पिन कॅटेगरी दोनच्या बॉलमध्ये स्लीव्ह न घालता वापरली की ६ मिमी खेळ तिथेच आला. हेडस्टॉकची उंची अर्धा मीटर आणि नांगराची लांबी दीड मीटर धरली, तर वरच्या पिनेतला ६ मिमी खेळ मागच्या फाळाच्या टोकाशी १८ मिमी होतो. मग खोली कशी धरणार?

पिना तीन, लिंच पिना तीन, लागतील तेवढे स्लीव्ह. छिद्र लांबट झालं असेल तर लेथवाल्याकडून मोठं करून बुश बसवून घ्या. वेल्डने भरून हाताने पाडलेलं छिद्र कधीच काटकोनात येत नाही.

पलटीच्या शाफ्टचा खेळ बघायला नांगर टेकलेला असताना वरच्या फाळाला पहार लावून हलवा. टोकाशी १० मिमीपेक्षा जास्त हालचाल दिसली तर बुश गेला. नव्या बुशमध्ये ५०-६० मिमी शाफ्टला ०.२ ते ०.३ मिमी सूट ठेवायला सांगा. घट्ट बुशमध्ये ग्रीस फिरत नाही आणि पलटी अर्ध्यात अडकते. ग्रीस निपल रंगाने बुजलेलं नाही ना, तेही बघा. रंगवलेल्या जुन्या नांगरात हे हमखास.

पलटी अर्ध्यात थांबते

यांत्रिक पलटीत लॅचची झीज, स्प्रिंग मऊ पडणं आणि कोरडा शाफ्ट, हे तीनच. हायड्रॉलिकमध्ये आधी इंजिनचा वेग बघा, आयडलवर तेल पुरत नाही. तरी अडकली तर लाइनमधली हवा, मग शाफ्टचा घट्टपणा, आणि शेवटी सिलेंडरची सील. दुहेरी सिलेंडरची सील तपासायला रॉड पूर्ण बाहेर काढा, इंजिन बंद करून दाब सोडा, परतीची नळी सोडून तिचं तोंड बादलीत ठेवा आणि मग त्याच दिशेने दाब द्या. सिलेंडरच्या उघड्या पोर्टमधून तेल येत राहिलं तर पिस्टनची सील गेली. गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं.

माती चिकटते, पलटत नाही

काळ्या मातीत मोल्डबोर्ड आरशासारखा नसेल तर माती त्यावर चिकटून राहते, आणि नांगर जमीन धरत नाही असंच वाटतं. मोल्डबोर्डला रंग लावायचाच नाही. लावला असेल तर उतरवा. ८० नंबरची फ्लॅप डिस्क, मग १२०, तीही माती सरकते त्याच दिशेने फिरवा. ग्राइंडिंगच्या जाड चाकाने खड्डे पडतात आणि माती तिथेच धरते. नंतर वाळूमिश्रित किंवा मुरमाड रानात तासभर नांगर चालवा, खरी चकाकी तिथे येते. काम संपलं की त्याच दिवशी ग्रीसचा हात फिरवा.

ट्रॅक्टरची सेटिंग, आणि मग शेतात

इथे सगळ्यात मोठी चूक लिफ्ट रॉडची. एका बाजूच्या नांगराला उजवा रॉड कमीजास्त करून लेव्हल धरतात. पलटी नांगराला दोन्ही लिफ्ट रॉड समान लांबीचेच हवेत. उजव्या रॉडने उजवी बाजू जुळवली की डावी तेवढीच बिघडते. बाजूची लेव्हल नांगरावरच्या दोन स्टॉप बोल्टनी धरायची, प्रत्येक बाजूचा वेगळा.

मागच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी, दोन्ही चाकं मध्यापासून सारख्या अंतरावर. चेक चेन कामात थोड्या सैल, वाहतुकीत आवळलेल्या. रोटाव्हेटर चालवून झालेल्या ट्रॅक्टरवर पोझिशन कंट्रोलचा (अवजार ठरावीक उंचीवर धरणारा) लिव्हर मध्येच अडवलेला असतो. तो पूर्ण खाली करा आणि खोली ड्राफ्ट लिव्हरने धरा. नुसता हा लिव्हर विसरला म्हणून फाळ बदललेले लोकही आहेत.

पहिला तास निम्म्या खोलीने काढा. दुसऱ्या तासात एक चाक तासात उतरलं की थांबा, मागून बघा. पाय जमिनीला काटकोनात आहे का? नसेल तर त्या बाजूचा स्टॉप बोल्ट फिरवा. पलटवून दुसऱ्या बाजूचंही तसंच करा. त्यानंतर टॉप लिंक: कामाच्या खोलीवर बीम जमिनीला समांतर आणि दोन्ही फाळ एका खोलीवर. पुढचा खोल असेल तर लिंक लांब करा, मागचा खोल असेल तर आखूड. नांगर शिरत नाही म्हणून लिंक आखडत गेलात तर नाक खाली जातं, टाच उचलली जाते, लँडसाइडचा आधार सुटतो आणि सगळं वजन फाळाच्या टोकावर येतं. फाळ झटपट संपण्याचं सर्वात सामान्य कारण हेच.

पुढच्या तासाची रुंदी शेवटी जुळवा. वेग ताशी ४ ते ६ किमी पुरे. तासभर चालल्यावर सगळे बोल्ट, विशेषतः फाळाचे आणि पायाचे, पुन्हा आवळा. नवा रंग आणि नवी पॅकिंग बसताना ते सैल होतातच. नंतर सात-आठ एकरांनी पट्टी काढून चारही टोकांची फट पुन्हा मोजा. चौघांतला एकच फाळ पुढे झिजला असेल तर त्याच पायाकडे, त्याच टाचेकडे जा.